दुसऱ्याचं सोनं भट्टीवर असताना
(प्रकरण अभ्यास: झवेरी बाजार, १३ जुलै २०११ आणि खानापूर तालुक्यातलं एक गलाई दुकान)

हे प्रकरण एका खोलीचं आहे. मुंबईत झवेरी बाजाराच्या मागच्या अंगाला, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ही खोली आहे. ती गलाईची, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून चोख करण्याची. एका कोपऱ्यात भट्टी, खिडकीखाली तेजाबाचं काम, भिंतीत बसवलेली तिजोरी आणि रात्री त्याच फरशीवर झोपणारी पाच-सहा माणसं. सगळी सांगली जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातल्या एकाच गावची आणि एकमेकांची नात्यातली. खोलीचे कारभारी माझे सख्खे चुलते. त्यांना सगळे तात्या म्हणतात, इथंही तेच म्हणतो. गावाचं नाव आणि व्यापाऱ्यांची नावं गाळली आहेत. मी त्याच तालुक्यातल्या विट्यात वाणिज्य शाखेला शिकवतो. घरचंच प्रकरण असल्यामुळं तटस्थपणाचा आव आणत नाही.

१३ जुलै २०११, बुधवार. संध्याकाळी सातच्या सुमारास दहा-बारा मिनिटांच्या अंतरात मुंबईत तीन ठिकाणी स्फोट झाले: झवेरी बाजारातली खाऊ गल्ली, ऑपेरा हाऊसचा हिऱ्यांचा बाजार आणि दादरला कबुतरखान्याजवळ. २६ माणसं गेली, १३० च्या आसपास जखमी झाली. पहिला स्फोट झवेरी बाजारातला. तात्यांची खोली त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या पुन्हा त्या खोलीत होते.

वाहिन्यांवर त्या आठवड्यात 'मुंबई स्पिरिट'चा गजर चालू होता. १९९३ ला होता, २००६ च्या लोकल स्फोटांनंतर होता, २६/११ नंतरही होता. २०११ पर्यंत मुंबईकरांनाच त्याचा वीट आला होता. मला त्या गजरात भर घालायची नाही. एका दुकानदाराला दुसऱ्या दिवशी दुकान का उघडावं लागलं, ते कसं उघडता आलं आणि त्याचा भुर्दंड कुणावर बसला, एवढंच तपासायचं आहे.

धंदा

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि पलीकडं साताऱ्याचे माण-खटाव हा सगळा दुष्काळी पट्टा. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईत शिरली. स्वातंत्र्याच्या आधीपासून सुरुवात होती, १९७२ च्या दुष्काळानंतर घरटी एक पोरगं बाहेर पडू लागलं. आज केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत सराफ पेठ असलेल्या गावात एखादं तरी विट्याकडचं गलाई दुकान सापडतं. दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असते, तेव्हा उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचल्या तरी भारताचा नकाशा पुरा होतो.

काम असं. सराफाकडं मोडीत आलेलं सोनं निरनिराळ्या कसाचं असतं. त्यातून चोख सोनं काढायचं. आधी त्यात चांदी मिसळून वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे आणि ते दाणे तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचे. चांदी तेजाबात विरघळून जाते, सोनं तळाशी राहतं. त्या वेळी ते सोन्यासारखं अजिबात दिसत नाही. तपकिरी, चिखलट मातीसारखं दिसतं. नवख्या पोरानं फेकून द्यावं असं. ते धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवलं की लगड, म्हणजे चोख सोन्याची कांब, निघते. तेजाबात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात. शिवाय कारागिरांच्या खोल्यांतली झाडलेली धूळ जाळून, धुऊन तिच्यातून कण काढायचे, तेही गलाईवाल्याचंच काम.

या धंद्यातली मेख एकच. दुकानात जे असतं त्यातलं जवळजवळ काहीच दुकानदाराचं नसतं. सोनं व्यापाऱ्याचं, धूळ कारागिराची, खोली भाड्याची. गलाईवाल्याला तोळ्यामागं ठरलेली मजुरी मिळते. मालाच्या किमतीपुढं ती किरकोळ असते. जुलै २०११ मध्ये सोनं तोळ्याला २२-२३ हजारांच्या घरात होतं आणि रोज चढत होतं. भाव चढला की लोक मोड विकायला काढतात, त्यामुळं भट्ट्या भरलेल्या होत्या. तात्यांच्या खोलीत त्या संध्याकाळी चार व्यापाऱ्यांचा माल होता आणि तो सगळा मिळून तात्यांच्या गावाकडच्या घरादारापेक्षा नि शेतापेक्षा जास्त किमतीचा होता.

हे सगळं विश्वासावर चालतं. करारपत्र नसतं. लांबट लाल वहीत वजन लिहिलं जातं, व्यापाऱ्याकडं एक चिठ्ठी जाते, संपलं.

संध्याकाळ

आवाज झाला तेव्हा तात्यांना सिलिंडर फुटला असं वाटलं. गलाईवाल्याच्या मनात पहिली भीती तीच असते. त्यांनी आधी गॅसचा कॉक बंद केला, मग माणसं मोजली. एक कमी होता: माझा चुलत भाऊ, बारावी होऊन जूनमध्येच मुंबईला गेलेला. त्याला टंच काढलेला, म्हणजे कस तपासलेला, सोन्याचा रवा पोचवायला पाठवलं होतं. तो जिन्यातच होता. कान दाबून, भिंतीला टेकून बसलेला सापडला. कुठं लागलं नव्हतं, पण दोन दिवस त्याला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं.

खिडकीची काच आत आली होती. बरीचशी तेजाबाच्या भांड्यात पडली. भांडं कलंडलं नाही, पण हिंदकळलं आणि चांदी विरघळलेलं पाणी फरशीवर, गोणपाटावर आणि तात्यांच्या डाव्या हातावर उडालं. असं पाणी कातडीवर पडलं की भाजतं तर खरंच, पण दुसऱ्या दिवशी तिथं काळा डाग उठतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, ती कातडी बदलेल तेव्हाच जातो. गणपतीला तात्या गावी आले तेव्हाही मनगटावर त्याची खूण होती. आरतीच्या वेळी लोक ताटाऐवजी त्या हाताकडं बघत होते.

काच पडल्यानं मात्र मालाचं नुकसान झालं नाही. काचेची पूड आम्ही एरवी मुद्दाम मुशीत टाकतो. ती वितळून मळ धरते आणि सोन्याच्या वर तरंगते. बॉम्बनं फोडलेल्या खिडकीनं तेच केलं असतं. तात्या हे आजही हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं काही वाटत नाही, पण त्यांच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते यातून कळतं.

खालून पोलिसांचा आणि लोकांचा ओरडा चालू झाला: इमारती रिकाम्या करा, अजून बॉम्ब असतील. आता निर्णय घ्यायचा होता. सोनं बरोबर घ्यायचं की इथंच ठेवायचं?

माझ्या वर्गातली मुलं या जागी ठरलेलं उत्तर देतात: बरोबर घ्यायचं. तात्यांनी उलट केलं. तयार लगडी तिजोरीतच होत्या. भांड्यातल्या मालावर त्यांनी मातीचं झाकण ठेवलं, ते भांडं तसंच तिजोरीच्या खालच्या कप्प्यात सरकवलं आणि कुलूप घातलं. बरोबर घेतली ती फक्त वही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सदऱ्याच्या आत, कमरेला. बाहेर पाऊस होता.

त्यांचं कारण साधं होतं. त्या रात्री मुंबईत प्रत्येक नाक्यावर झडती असणार. खिशात कागदाविना सोनं घेऊन फिरणारा परगावचा माणूस पोलिसांना काय सांगणार? शिवाय गर्दी. सोनं गेलं आणि वही राहिली, तर कुणाचं किती गेलं ते तरी सांगता येतं. वही गेली, तर सोनं असूनही भांडण.

हे शहाणपण फुकट आलेलं नव्हतं. २५ ऑगस्ट २००३ ला मुंबादेवीजवळ टॅक्सीत आणि गेटवे ऑफ इंडियाला असे दोन स्फोट झाले. दोन्हीकडं मिळून ५० हून जास्त माणसं गेली. त्या दुपारी तात्या खोली उघडी टाकून पळाले होते. सोन्याला कुणी हात लावला नाही, पण वहीची पानं भिजून शाई फुटली आणि एका व्यापाऱ्याशी वजनावरून जी कटकट झाली ती वर्षभर पुरली. त्याआधी १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांतही झवेरी बाजार होताच. ही गल्ली तात्यांनी तीनदा बघितलेली आहे.

खाली जे होतं त्याबद्दल ते बोलत नाहीत. एवढंच कळलं की आमच्या खोलीतल्या दोघांनी आणि शेजारच्या बंगाली कारागिरांनी मिळून माणसं उचलली, मिळेल त्या टॅक्सीत, हातगाडीवर घातली. जखमींना जे. जे. आणि जी. टी. रुग्णालयांत नेलं जात होतं. खाऊ गल्लीत संध्याकाळी कोण असतं, तर दिवसभर मान खाली घालून काम केलेले कारागीर, हमाल, दलाल आणि खायचं विकणारे. सोन्याच्या बाजारावर हल्ला म्हणायचं, पण घाव बसला तो वडापाव खायला उतरलेल्यांवर.

मग सगळे चालत भायखळ्याला गेले, तिथून लोकलनं चिंचपोकळी. तिकडं गावकीची खोली आहे. गिरणीच्या काळात गावानं वर्गणी काढून घेतलेली, पाळीपाळीनं झोपायची. गिरण्या गेल्या, खोली राहिली. ती नसती तर त्या रात्री सहा माणसं फलाटावर झोपली असती.

विट्यात

इकडं आम्हाला पावणेआठला टीव्हीवरून कळलं. फोन लागेना. विट्यातल्या निम्म्या घरांत त्या वेळी एकच चाललं होतं: नंबर दाबायचा, कट व्हायचा, परत दाबायचा. नंतर खुद्द मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं की स्फोटांनंतर पंधराएक मिनिटं त्यांचा पोलीस अधिकाऱ्यांशी संपर्क होत नव्हता. पृथ्वीराज चव्हाण कराडचे आणि गृहमंत्री आर. आर. आबा आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. २६/११ नंतर राजीनामा देऊन आबा २००९ ला परत त्याच खात्यावर आले होते. दोघंही आपल्या भागातले आणि खुद्द मुख्यमंत्र्यांनाच फोन लागत नव्हता, हे विट्याच्या चौकात नंतर बरेच दिवस चघळलं गेलं. त्यात राग किती आणि थट्टा किती, ते सांगणं अवघड आहे.

बातमी आली ती अशी. वाटेतल्या एका दुकानदाराच्या जुन्या लँडलाइनवरून तात्यांनी विट्यातल्या एका सराफाच्या पेढीवर फोन लावला. मोबाइल बंद पडले होते, तारेचा फोन चालू होता. "सहाच्या सहा ठीक हाईत. घरी सांगा. आनि रावळच्या दुकानातला बी एक बरा हाय," एवढं बोलून ठेवला. सराफानं पोरगं मोटारसायकलवर गावात धाडलं. ज्या घरी तो निरोप गेला त्या घरानं पुढं दुसऱ्या चार घरांना सांगितलं. तासाभरात कोइमतूर, त्रिचूर, लुधियाना इथून विट्याला उलटे फोन यायला लागले होते, कारण तिकडच्या गलाईवाल्यांचेही भाऊ-मेव्हणे मुंबईत होते. मुंबईचा फोन मुंबईत लागत नव्हता. मुंबईची खबर पंजाबातून खानापुरात आणि तिथून परत मुंबईत जात होती.

आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. आजी पंढरपूरहून आलेली, पायाला तेल लावत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सा जनांचं सांगितलं. जेवली का न्हाय ते न्हाय सांगितलं."

गुरुवार

सकाळी लोकल चालू होत्या, शेअर बाजार उघडला. खाऊ गल्ली पोलिसांनी अडवलेली होती. पावसानं बरेच पुरावे धुऊन नेल्याची बोंब चालू होती. तात्या नऊच्या सुमारास नाकेबंदीपाशी जाऊन उभे राहिले. आत सोडायला ओळख लागत होती. भाडेपावतीवर नाव तिसऱ्याचंच, वीजबिल घरमालकाचं, मतदार ओळखपत्रावर पत्ता सांगली जिल्ह्याचा. कागदोपत्री तात्या त्या खोलीत कुणीच नव्हते.

त्यांना आत नेलं ते एका मारवाडी व्यापाऱ्यानं. तो स्वतः नाक्यावर आला आणि पोलिसांना म्हणाला, हा आपला माणूस आहे, पंचवीस वर्षं ओळखतो. तो कशाला आला होता? त्याचंच सोनं भांड्यात होतं. यात स्वार्थ होता का? होताच. पण त्या स्वार्थामुळंच भाडेपावती नसलेल्या माणसाला बाजारात जामीन मिळाला. अशा प्रसंगी लोक एकमेकांना का धरून राहतात याची जी भावुक कारणं आपण वाचतो, त्यापेक्षा मला हे कारण जास्त टिकाऊ वाटतं. एकाचा माल दुसऱ्याच्या तिजोरीत अडकलेला असतो.

दुपारपर्यंत खोलीत जाता आलं. तिजोरी जशीच्या तशी. गॅस तपासला, काच वेचली. आणि मग तात्यांनी जे केलं ते मी वर्गात दोनदा सांगतो. त्यांनी फरशी झाडली नाही. ओल्या फडक्यानं टिपून घेतली, फडकी एका डब्यात टाकली. गोणपाट घडी करून बाजूला ठेवलं. खिडकीच्या चौकटीतली धूळ, भिंतीवरचा पोपडा, सगळं एका पोत्यात. कारण सांडलेल्या पाण्यात चांदी होती आणि ती व्यापाऱ्याची होती. पुढच्या आठवड्यात ते गोणपाट आणि फडकी जाळून, राख धुऊन, त्यातून बरीचशी चांदी परत मिळाली. सगळी नाही.

भट्टी गुरुवारी पेटली नाही. शुक्रवारी भांड्यातला माल धुऊन, वितळवून लगड काढली. वजन कमी भरलं. चांदीत थोडी घट होती, सोन्यातही किंचित. उडालेल्या पाण्याबरोबर काही कण गेले असावेत. चार व्यापाऱ्यांपैकी दोघं निरोप पाठवून मोकळे झाले: माल राहू दे, सावकाश द्या. तिसरा येऊन सगळा माल घेऊन गेला आणि परत कधी आला नाही. त्याला दोष देता येत नाही, त्याचा पुतण्या खाऊ गल्लीत जखमी झाला होता आणि त्याला तो भागच नको होता. चौथा म्हणजे नाकेबंदीवर आलेला. घट त्याच्या मालात होती.

तो म्हणाला, आधा तुम्हारा, आधा मेरा. तात्यांनी ऐकलं नाही. पूर्ण घट स्वतःच्या नावावर लिहिली आणि मजुरीतून फेडली. दिवाळीपर्यंत.

इथं कायदा काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. भारतीय करार कायदा, १८७२. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्यानं शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी, असं कलम १५१ सांगतं. तितकी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीला तो जबाबदार नाही, असं कलम १५२ सांगतं. तात्यांनी गॅस बंद केला, झाकण ठेवलं, कुलूप घातलं. एवढी काळजी कुठलंही कोर्ट मान्य करील. कायद्यानं त्यांनी एक पैसाही देणं लागत नव्हतं.

मी त्यांना हे कलम वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "तुजं बराबर आसंल. पर आर्धी घट त्यानं सोसली की पुढच्या खेपंला मला परत्येक घटीचं कारन सांगाय लागंल. आज बॉम्ब हुता. उद्या काय सांगू?"

माझं मत अजूनही असं आहे की त्यांनी निम्मी घट सोडायला हवी होती. व्यापारी स्वतःहून देत होता. चार महिने खोलीतल्या माणसांचे पगार रखडले, गावाकडं पैसे कमी आले, त्या वर्षी थोरलीचं लग्न पुढं ढकललं. पत राखली ती तात्यांनी, पण किंमत मोजली ती ज्यांना कुणी विचारलं नाही अशांनी. बाजार उभा राहिल्याच्या बातम्या येतात तेव्हा हा हिशेब त्यात नसतो.

पोरगं आणि काकी

चुलत भावाला शनिवारी गाडीत बसवून दिलं. काकीचं म्हणणं होतं की आता तो जायचा नाही. शेती बघील, पोल्ट्री टाकील, काहीही करील. तात्यांचं म्हणणं, एकदा घाबरून परत आला की कायमचा परतला. दोघांनी फोनवर जी भांडणं केली ती आळीनं ऐकली. शेवटी पोराला विचारलं. त्याला मुंबईला जायचं नव्हतं आणि गावातही राहायचं नव्हतं. श्रावण संपल्यावर तो मामांच्या दुकानात कोइमतूरला गेला. आज तिथंच आहे, तमिळ फाड फाड बोलतो. त्याच्या जागी मुंबईत शेजारच्या घरातला एक मुलगा गेला. त्या मुलाच्या आईला कुणी फारसं विचारलं नाही, हेही नमूद करतो.

बाहेरून बघणाऱ्याला खोलीत सहाच माणसं होती आणि सहाच राहिली. खोली तगली असं म्हणता येईल. ती तगली कारण गलाईवाल्यांची दुकानं देशभर पसरलेली आहेत आणि एका ठिकाणचा भेदरलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी हलवता येतो. ज्याच्याकडं असं जाळं नाही, त्या खाऊ गल्लीतल्या डोसेवाल्यानं काय केलं असेल?

काकी लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊन एकदाही मुंबईला गेली नव्हती. दिवाळीनंतर तिनं ठरवलं. "ज्या जाग्यासाठी मानूस जीव टाकतोय ती जागा मला बघायची हाय." घरात सगळ्यांनी नको म्हटलं, तर म्हणाली, "बॉम्बवाल्यानं मला इच्यारून ठिवला व्हता का? मग मी कुनाला इच्यारू?" एस.टी.नं गेली. खाऊ गल्लीतून चालत गेली, मुंबादेवीला ओटी भरली, जामा मशिदीवरून वळून त्या इमारतीचे तीन जिने चढली.

वर गेल्यावर तिनं जे बघितलं ते बॉम्बचं नव्हतं. तेजाबाचं काम चालू होतं. तांबूस-पिवळा धूर खिडकीतून निम्मा बाहेर, निम्मा आत. तिचे डोळे चुरचुरले, ठसका लागला. तात्यांना तो धूर जाणवतही नव्हता. ती म्हणाली, "बॉम्ब तीनदा फुटला. ह्यो धूर तीस वर्सं रोज फुटतोय."

तात्यांचा सकाळचा खोकला घरात सगळ्यांनी ऐकलेला होता, त्याला आम्ही मुंबईची हवा म्हणायचो. नायट्रिक आम्लातून निघणारा वायू फुप्फुसाला काय करतो हे अकरावीच्या रसायनशास्त्राच्या मास्तरला विचारलं तरी तो सांगील. काकीनं पाय आपटून भट्टीवर छत्री, नळी आणि पंखा बसवून घेतला. पैसे तिनं दोन शेळ्या विकून दिले. या प्रकरणात स्फोटामुळं झालेला चांगला बदल कुठला, असं कुणी विचारलं तर मला हा एकच दिसतो आणि तोही पोलिसांमुळं, सरकारमुळं किंवा बाजारामुळं झालेला नाही.

बाजार कधी बंद होतो

बॉम्बनं झवेरी बाजार जास्त दिवस कधी बंद राहिला नाही. मार्च २०१२ मध्ये अबकारी कराविरुद्ध सराफांनी संप केला, तेव्हा तीन आठवडे दुकानं बंद होती. २०१६ ला त्याच कारणासाठी मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, सहा आठवडे. तेव्हा भट्ट्या थंड पडल्या आणि विट्याकडं येणाऱ्या गाड्या भरून आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी. हल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत उघडणारा बाजार स्वतःच्या मर्जीनं दीड महिना बंद राहू शकतो, ही गोष्ट माझ्या मुलांना पटकन पचत नाही. मग मी विचारतो, दोन्ही वेळी मजुरीवाल्याला कुणी विचारलं होतं? त्यावर वर्ग शांत होतो, कारण निम्म्या वर्गाचे बाप गलाईत आहेत.

२०११ च्या स्फोटांचा तपास एटीएसनं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकानं, केला, इंडियन मुजाहिदीन या संघटनेशी संबंध लावून अटका झाल्या, आरोपपत्र दाखल झालं. त्या तपासाबद्दल खोलीत फारशी चर्चा होत नाही. पहिली काही वर्षं तात्या पेपरात बघायचे, मग बघणं सोडलं.

वर्गातला प्रश्न

गेल्या वर्षी हे प्रकरण मांडलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, विमा का नव्हता?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर सोपं नाही. ९/११ नंतर जगभरच्या विमा कंपन्यांनी दहशतवादाची जोखीम घ्यायचं टाळलं, तेव्हा भारतात २००२ मध्ये विमा कंपन्यांनी मिळून त्यासाठी सामायिक निधी उभारला. म्हणजे सोय २०११ च्या आधीपासून होती. सराफांसाठीही वेगळी पॉलिसी मिळते, मोठ्या पेढ्या ती घेतात. दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्यालाही त्या मालाचा विमा काढता येतो. माल स्वतःचा नसला तरी तो गेल्यावर आपलं नुकसान होतं, एवढा संबंध पुरतो.

तात्यांना हे माहीतच नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी एजंट गाठला. एजंटानं पहिल्या भेटीत तीन गोष्टी मागितल्या: खोलीचा नोंदलेला भाडेकरार, मालाच्या साठ्याच्या हिशेबाची पुस्तकं आणि तेजाब साठवण्याची परवानगी. भाडेकरार तिसऱ्याच्या नावावर. साठ्याचं पुस्तक म्हणजे ती लाल वही. परवानगीचा विषय निघाल्यावर तात्यांनी चहा मागवला.

जीएसटी आल्यावर शेजारच्या घरातल्या त्या मुलानं, जो माझ्या चुलतभावाच्या जागी गेला होता, दुकानाची नोंदणी केली. हिशेब आता तो संगणकावर ठेवतो, वहीच्या पानाचा फोटो रोज रात्री विट्याला पाठवतो. भाडेकराराचं मात्र घरमालकाशी जमेना. नोंदलेला करार केला की भाडं दुप्पट, असं त्याचं म्हणणं आहे. तात्या म्हणतात, दुप्पट भाडं आणि विम्याचा हप्ता मिळून दहा वर्षांत जेवढं जाईल, तेवढी घट तीन स्फोटांत मिळून झाली नव्हती. त्या मुलीला मी हे आकडे दिले आणि हिशेब घालून आणायला सांगितला. तिनं आणलेल्या उत्तरात पंख्याचा खर्च आणि लांबलेल्या लग्नाचा खर्चही धरला होता. तिच्या हिशेबानं विमा स्वस्त पडतो. तात्यांना तो कागद पाठवला आहे.